सवलतीत वाचलेले पैसे जातात कुठे?

पत्राचा सारांश: मध्यतिशीतल्या एका वाचक ताई लिहितात की घरात दोघंही कमावते आहेत आणि गेली काही वर्षं जवळजवळ सगळी खरेदी फोनवरूनच होते. सवलत असल्याशिवाय त्या काही घेत नाहीत. सेलची वाट बघतात, दोन-तीन ॲपवर भाव ताडून पाहतात, कूपन लावतात. वर्षअखेरीस एका ॲपने ‘तुम्ही एवढे वाचवले’ म्हणून दाखवलेला आकडा त्यांच्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता. तरीही महिना संपता संपता खातं रिकामं होतं, कार्डावर थोडी थकबाकी राहते आणि दोन वस्तूंचे हप्ते चालू आहेत. नवरा म्हणतो, सगळी ॲप काढून टाक, रोख घेऊन दुकानात जाऊ. यावरून दोघांत कुरबुरी होतात. ताईंचा प्रश्न असा: ‘इतकं बघूनसवरून घेणारी मी, मग पैसे उरत का नाहीत? आणि फोनवरची खरेदी खरंच सोडावी का?’

ताई, तुमच्या पत्रात ‘वाचवले’ हा शब्द बऱ्याचदा आला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो ॲपने दाखवलेल्या आकड्याबद्दल आहे. तिथूनच सुरुवात करू. छापील किंमत १०,००० असलेली वस्तू तुम्ही ६,००० ला घेतली की ॲप सांगतं, ४,००० वाचले. तुमच्या खात्यातून मात्र त्या दिवशी ६,००० गेलेले असतात. ती वस्तू तुम्ही नाहीतरी त्याच महिन्यात पूर्ण किमतीला घेणारच होता, तरच ते ४,००० तुमच्याकडे उरले. घेणार नव्हता, तर वाचलं काहीच नाही. हे पारखायचा एक सरळ उपाय आहे. पुढच्या वेळी ॲप ‘४,००० वाचले’ म्हणालं की त्याच दिवशी तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाकून बघा. टाकता आली, तर ती बचत. हात अडखळला, तर तो आकडा फक्त पडद्यावरचा होता.

बरं, काट मारलेली ती मूळ किंमतही नेहमी खरी असतेच असं नाही. आधी भाव २५ टक्क्यांनी चढवून मग २० टक्के सूट दिली, तर आपण होतो तिथेच येतो: १०० चे १२५ आणि १२५ चे पुन्हा १००. यासाठीच युरोपीय संघाने २०२२ पासून नियम लागू केला, की सवलत जाहीर करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवली पाहिजे. हा नियम जिथे नाही तिथे हे काम आपणच करायचं. वस्तू घ्यायचं मनात आलं त्या दिवशी तिच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सेलच्या दिवशी त्याच्याशी ताडा. मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतोय ना, तेही बघा. सेलमध्ये पुष्कळदा दिसायला तीच पण शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलेली, कमी क्षमतेची आवृत्ती असते.

सवलतीच्या गणितातले आणखी दोन चकवे सांगून पुढे जाते. ‘५० टक्के आणि वर २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के सूट. दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर लागते. आणि ‘२० टक्के जास्त माल’ म्हणजे भावात जेमतेम पावणेसतरा टक्क्यांची घट.

पण ताई, तुमचा भाव ताडण्याचा हात पक्का आहे, हे पत्रावरून कळतं. माझ्या मते गळती त्याच्याही आधीच्या पायरीवर आहे: वस्तू घ्यायची हे कधी आणि कशामुळे ठरलं, तिथे. हे शोधायला एक दुपार मोडावी लागेल. ती मोडाच, कारण त्याशिवाय बाकीचे सगळे उपाय अंधारातले आहेत.

गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि कार्डाची बिलं काढा. ॲपमधली ऑर्डरची यादी हाताशी असू द्या, पण रकमा बँकेच्या कागदावरूनच उतरवा. ॲपच्या यादीत परत केलेल्या वस्तू, वॉलेटमधून वळते झालेले पैसे आणि कूपन यांची सरमिसळ असते, त्यामुळे तिथली बेरीज कधी जुळत नाही. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये सहा रकाने पाडा: तारीख, ऑर्डर केल्याची वेळ (ती पुष्टीच्या मेसेजवर असते), वस्तू, प्रत्यक्ष गेलेली रक्कम, कारण आणि आजचा वापर. कारणाच्या रकान्यात तीनच खुणा करायच्या. संपलं किंवा मोडलं म्हणून घेतलं तर ‘सं’, आधीपासून ठरवलं होतं तर ‘ठ’, दिसलं म्हणून घेतलं तर ‘दि’. वापराच्या रकान्यात ‘नेहमी’, ‘कधीमधी’ किंवा ‘पडून’.

इथे बहुतेकांची दोन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे कपडे, घरसामान, मुलांचं अशी वर्गवारी करणं. ती वाचायला सोयीची असते, पण तिच्यातून काही हाती लागत नाही, कारण घरसामानात गरजेचा साबणही येतो आणि गरज नसलेला तिसरा दिवाही. दुसरी चूक ‘ठ’ सढळ हाताने लावण्याची. कसोटी अशी ठेवा: जाहिरात किंवा सेलचं पान दिसण्यापूर्वीची तारीख दाखवता आली, म्हणजे यादीत लिहिलं होतं, कुणाला सांगितलं होतं, मोजमाप घेतलं होतं, तरच ‘ठ’. ‘कधीतरी घ्यायचंच होतं’ हे ‘दि’ मध्येच जातं. आपण स्वतःशी थोडे कडक राहिलो तरच हा कागद कामाचा.

मग ‘दि’ च्या रकमांची बेरीज करून तिला सहाने भागा. दर महिन्याला किती पैसे केवळ समोर आलं म्हणून जातात, ते कळेल. वेळेचा रकानाही नीट वाचा. ‘दि’ च्या खुणा एखाद्या ठरावीक वेळी गोळा झालेल्या दिसल्या, समजा रात्री झोपण्याआधी किंवा पगाराच्या दुसऱ्या दिवशी, तर अडथळा नेमका तिथेच घालता येतो.

आणि ही बेरीज लहान निघाली तर? तर दोष खरेदीचा नाही, आणि तुमची कुरबूर भलत्याच गोष्टीवरून चालली आहे. पुष्कळ घरांत असंच असतं. विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची मोठी दुरुस्ती, वर्षातून एकदा येणारी वर्गणी हे खर्च दरमहा नसतात, म्हणून महिन्याच्या अंदाजात ते धरलेलेच नसतात. आले की कार्डावर जातात आणि थकबाकी उरते. असे सगळे वार्षिक खर्च एका कागदावर लिहा, बेरजेला १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा बाजूला टाका. हे ‘अचानक’ आलेले खर्च नसतात, त्यांची तारीख आपल्याला वर्षभर आधी माहीत असते.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये खेळाच्या तिकिटांची बोली लावून पाहिली होती. रोख द्यायचे असं सांगितलेल्यांपेक्षा कार्डाने द्यायचे असं सांगितलेल्यांनी जवळपास दुप्पट बोली लावली. पैसे हातातून जाताना दिसले की आपण सावध होतो, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

पण दुकानात मोह नसतो, हे काही खरं नाही. दुकानदाराकडे यादी द्यायची आणि त्याने माल काढून द्यायचा, अशी पूर्वापार रीत होती. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९१६ साली पिगली विगली नावाचं दुकान निघालं आणि गिऱ्हाइकाने स्वतः फळ्यांवरून माल उचलायचा, ही पद्धत रुळली. १९३७ मध्ये सिल्व्हन गोल्डमन या दुकानमालकाने चाकांची ढकलगाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवत. हप्त्यांची पद्धत त्याहूनही जुनी: सिंगर कंपनी १८५० च्या दशकातच शिवणयंत्रं हप्त्यांवर विकू लागली होती. १९९९ मध्ये ॲमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक वेळी झालं ते हेच, की मनात येणं आणि पैसे देणं यांच्यातली एकेक अडचण काढून टाकली गेली. फोन ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. म्हणून फोन टाकून देण्यापेक्षा निघून गेलेल्या अडचणी आपल्या हाताने परत आणाव्यात, असं मला मनापासून वाटतं. रोखीत आणखी एक तोटा आहे: नोंद राहत नाही. महिनाअखेर पाकीट रिकामं आणि कागदावर काहीच नाही, अशी वेळ येते.

ॲप काढून टाकण्याचा उपाय बहुधा पहिल्या मोठ्या सेलपर्यंत टिकतो, मग ते पुन्हा डाउनलोड होतं. त्यापेक्षा हे करा. ॲपमध्ये आणि ब्राउझरमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी उठून पाकीट आणायचं आणि कार्डावरचे आकडे टंकायचे, एवढ्यानेही बऱ्याच ‘दि’ खरेदी गळतात. नोटिफिकेशन बंद करताना ऑर्डर पोहोचल्याची सूचना चालू ठेवा, जाहिरातीची बंद करा. या दोन्ही बहुतेक ॲपमध्ये वेगवेगळ्या बंद करता येतात. सगळंच बंद केलं की पार्सल चुकतं आणि वैतागून माणूस सगळं पुन्हा चालू करतो. जाहिरातींचे ईमेल नुसते डिलीट करू नका, तळाशी सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा असतो तो वापरा.

आवडलेली वस्तू कार्टमध्ये ठेवायची नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. कार्टमधली वस्तू तुम्हाला हाका मारत राहते: ‘फक्त दोन उरल्या’, ‘किंमत वाढणार आहे’. ती कागदावर किंवा फोनच्या साध्या नोंदवहीत लिहा, तारीख आणि भावासकट. लहान वस्तूला तीन दिवस, मोठीला तीस. मुदत संपल्यावर ती ॲपच्या आठवणीशिवाय आठवली तर घ्या. आणि ऑर्डरचा आठवड्याचा एकच दिवस ठरवा. दोघांच्या याद्या त्या दिवशी एकत्र करायच्या. मधे काही लागलंच तर ते पुढच्या दिवसापर्यंत चालण्यासारखं आहे का, हा एकच प्रश्न विचारायचा. औषधं अर्थातच यात नाहीत.

मोफत घरपोच सेवेसाठी किमान रक्कम गाठायला वस्तू वाढवणं, हेही तुमच्या पत्रात आहे. डिलिव्हरीचे ४० वाचवायला ९० ची वस्तू घातली, तर ती यादीतली असेल तरच चालेल. नाहीतर ५० जास्त गेले आणि घरात एक नको असलेली वस्तू आली. आठवड्याच्या एकत्र ऑर्डरने ही रक्कम बहुतेक वेळा आपोआप गाठली जाते. वार्षिक सदस्यत्व घेण्यापूर्वी त्याच्या फीला एका डिलिव्हरीच्या खर्चाने भागा. फी १,२०० आणि डिलिव्हरी ४० असेल तर ३० ऑर्डरींनंतर कुठे ते फिटतं. तुमच्या कागदावर सध्याच्या ऑर्डरींपैकी किती ‘सं’ आणि ‘ठ’ आहेत, त्यावरून ठरवा. ‘फी वसूल व्हायला हवी’ म्हणून ऑर्डरी वाढल्या की सदस्यत्व उलटं महाग पडतं.

किंमत तुलना तुम्ही करताच, ती थोडी वेगळ्या मापाने करा. पाकिटावरची किंमत बाजूला ठेवून १०० ग्रॅमला किंवा लिटरला किती पडतं ते काढा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही. कपडे धुण्याचा द्रव साबण लिटरवर मोजूनही फसायला होतं, कारण एक घट्ट असतो आणि दुसरा पातळ. तिथे एका धुण्याला किती, हे माप. पाकिटावर किती धुण्यांसाठी ते लिहिलेलं असतं. साबणाच्या बाटलीच्या झाकणात आतून रेघा असतात. नेहमीच्या धुण्याची रेघ बरीच खाली असते, आणि घाईत आपण झाकण काठोकाठ भरतो. रेघेपर्यंतच ओतायची सवय लागली तर कुठल्याही कूपनपेक्षा जास्त पैसे वाचतील. शिवाय जास्त साबण कपड्यांत राहतो, तो वेगळाच.

टिकाऊ वस्तूंना एका वापराचा खर्च लावा. ३,००० चे बूट ६०० दिवस चालले तर दिवसाला ५ पडले. १,२०० चे १२० दिवसांत फाटले तर दिवसाला १०. मात्र हा हिशेब तुम्ही खरोखर रोज घालणार असाल त्याच वस्तूला लागू होतो. ‘चांगली आहे, खूप वर्षं टिकेल’ म्हणून घेतलेली आणि वर्षातून दोनदा बाहेर निघणारी वस्तू यात बसत नाही. घाऊक खरेदीलाही एक मर्यादा आहे: जे ठेवायला जागा आहे, जे मुदतीच्या आत संपतं आणि जे घरात जास्त असलं म्हणून जास्त वापरलं जात नाही, तेवढंच घाऊक घ्या.

परत करता येतं म्हणून मागवण्याबद्दल थोडं सांगते. पार्सल आलं त्याच दिवशी उघडा, टॅग न काढता वापरून बघा आणि परतीची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. पैसे वॉलेटमध्ये न घेता मूळ खात्यात मागा. वॉलेटमध्ये आलेले पैसे बचतीत पोहोचत नाहीत, ते त्याच ॲपवर पुन्हा खर्च होतात. तुमच्या कागदावर ‘पडून’ ची खूण असलेल्यांपैकी मुदतीतल्या वस्तू आजच परत करा, आणि मुदत गेलेल्या, न वापरलेल्या वस्तू येईल त्या किमतीला विकून टाका.

हप्ते आणि कार्ड यांच्याबद्दल मात्र मला काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १,२०० उसने घेतले, १२ टक्के सरळव्याज, १२ हप्ते: व्याज १४४, दरमहा ११२. ऐकायला १२ टक्के. पण मुद्दल दरमहा फिटत असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तोच दर सुमारे साडेएकवीस टक्के येतो. म्हणून दर विचारताना ‘सरळ की घटत्या शिलकीवर?’ हा प्रश्न आधी विचारा. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही आधी रोख भाव विचारा. रोख घेतल्यास ११,००० आणि हप्त्यांनी दरमहा १,००० प्रमाणे १२,००० पडत असतील, तर वर्षाला सोळा टक्क्यांहून जास्त व्याज तुम्ही भरताच आहात, नाव काहीही असो. त्यावर प्रोसेसिंग फी असेल तर ती निराळी.

कार्डाची थकबाकी महिन्याला ३ टक्क्यांनी चढत असेल तर वर्षभरात चक्रवाढीने ती साडेबेचाळीस टक्क्यांहून जास्त वाढते. एवढी सूट वर्षभर कुठल्याच सेलमध्ये सगळ्या खरेदीवर मिळत नाही. शिवाय आधीचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून ही थकबाकी फिटेपर्यंत ते कार्ड खरेदीला वापरूच नका. ‘किमान देय रक्कम’ भरत राहिलात तर त्यातला बराचसा भाग व्याजातच जातो. बचत सुरू करण्याआधी हे संपवा. फक्त अडीअडचणीला लागेल इतकी थोडी रक्कम बाजूला असू द्या, नाहीतर पहिल्याच दुखण्याखुपण्याला पुन्हा कार्ड बाहेर निघेल.

ते फिटलं की पगाराच्या दिवशीच आपोआप पैसे वळते होतील अशी सूचना बँकेला द्या. ज्या खात्याला कार्ड जोडलेलं नाही आणि जे खरेदीच्या कुठल्याही ॲपला जोडलेलं नाही, अशा खात्यात. रक्कम किती? तुमच्या ‘दि’ च्या मासिक बेरजेच्या निम्मी. पूर्ण बेरीज लावू नका. पहिल्याच महिन्यात ओढाताण होते, पैसे परत काढले जातात आणि मग तो नेम मोडतोच. तीन महिने निम्मी नीट गेली तर वाढवा. यादीतली वस्तू खरोखर कमी भावात मिळाली की तिचा फरकही, वर सांगितल्याप्रमाणे, त्याच दिवशी त्याच खात्यात.

राहिला तुमच्या दोघांचा प्रश्न. हा कागद दोघांनी मिळून भरा, आणि त्यात त्यांची खरेदीही येऊ द्या. तुमच्या पत्रात फक्त तुमच्या ऑर्डरींचा हिशेब आहे. घरासाठी मागवणारं माणूस एकच असलं की सगळा खर्च त्याच्याच नावावर चढतो, हे अन्यायाचं आहे आणि भांडणाचं मूळही बहुधा तिथेच आहे. साबण, मुलांचे बूट, बल्ब तुमच्या फोनवरून गेले म्हणून ते ‘तुमची खरेदी’ होत नाहीत. मग दोघांनाही दरमहा सारखी, कुणीही जाब न विचारण्याची अशी एक रक्कम ठरवा. घरखर्चात एका रकमेच्या वरची वस्तू एकमेकांना विचारूनच घ्यायची. ती मर्यादा दोघांच्या मिळून एका दिवसाच्या कमाईइतकी ठेवून बघा. रोजच्या फुटकळ खरेदीसाठी त्यांना रोखच वापरायची असेल तर वापरू द्या, फक्त आठवड्याची रक्कम एकदाच काढायची आणि कागदावर ती एका ओळीत लिहायची.

आणि ॲप? कार्ड काढून, सूचना बंद करून, आठवड्याच्या दिवसाचा नियम पाळून तीन महिने ठेवा. त्यानंतर पुन्हा ‘दि’ ची बेरीज करा. ती निम्म्यावर आली असेल तर फोनवरची खरेदी तुमच्या आवाक्यात आहे, खुशाल चालू ठेवा. तेवढीच राहिली असेल, तर कुठल्या एका ॲपवर सगळ्यांत जास्त ‘दि’ आहेत ते बघा आणि फक्त त्यावरचं खातं बंद करा. नुसतं ॲप काढू नका, खातंच बंद करा, म्हणजे पत्ता आणि कार्ड परत भरल्याशिवाय तिथे काही घेता येणार नाही. त्याआधी तिथल्या वॉलेटमधली शिल्लक आणि चालू परती निकालात काढा, कारण खातं बंद झाल्यावर ते पैसे मागायला फार खटपट करावी लागते.